खटकेवाल्याची बाजू

भिवंडीत माझ्याइतका थापाड्या दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, माझी काकी म्हणते, आणि काकीला खोटं बोलता येत नाही. आमच्या घरात ते खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. पडघ्याच्या उतारावर ब्रेक फेल झालेला ट्रक मी एका हाताने थोपवला होता. दुसऱ्या हातात वडापाव होता, नाहीतर नाशिकपर्यंत मागे ढकलला असता. आमच्या खाडीला भरती येते ती मी पोहायला उतरतो म्हणून. हे सगळं मी शपथेवर सांगत आलोय आणि पुढेही सांगणार आहे.

फक्त दोन थापा मला परत घ्यायच्या आहेत. दोन्ही मी सहा वर्षांपूर्वी एकाच दिवशी मारल्या, एक दुपारी आणि एक संध्याकाळी. त्यांच्यामुळे एक माणूस आख्ख्या गल्लीत खलनायक ठरला. त्या माणसाने त्याच दुपारी माझा हात वाचवला होता.

आता हे मला सहा वर्षांनी का आठवलं? आठवलं नाही, ते कधी गेलंच नव्हतं. पण ते उकरून काढलं एका मोबाईल गेमने.

मी वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. गोडाऊन एवढं लांब की या टोकाला मंगळवार असला तर त्या टोकाला अजून सोमवार चालू असतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही खोक्यांवर बसून एकच गेम खेळतो. त्याचं इंग्रजी नाव आमच्या तोंडात मावत नाही, म्हणून नुसतं 'चाक' म्हणतो. एक शहर आहे. त्या शहराच्या पोटात डोंगराएवढं चाक फिरतं आणि त्याच्यावर सगळं चालतं, दिवे, पाणी, लिफ्ट, घड्याळं. एक दिवस एक माणूस खाली उतरतो आणि खटका पाडतो. चाक थांबतं, शहर मरतं. आपण त्या मेलेल्या शहरातून वाट काढत त्याला गाठायचं आणि संपवायचं.

आम्ही त्याला खटकेवाला म्हणतो. शहर जिवंत असताना तो आपल्याला रस्त्यात एकदाच भेटतो आणि एकच वाक्य बोलतो, 'एक दिवस मी हे सगळं बंद करून टाकीन.' त्यानंतर शेवटपर्यंत अवाक्षर नाही. आणि तो जवळ आला की आवाज जातो. पावलांचा, वाऱ्याचा, सगळा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मोबाईल बिघडला म्हणून मी तो मांडीवर आपटला. मग लक्षात आलं, बिघडलेलं काही नाही. ही शांतता माझ्या ओळखीची होती. अंगावर काटा आला तो जेवणाची सुट्टी संपली तरी गेला नाही.

खटकेवाल्याने हे का केलं, यावर जगभरचे खेळणारे भांडतात. आमच्या गोडाऊनमध्येही भांडण होतंच.

फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "भाई, सिंपल आहे. बायको पळाली असणार."

पॅकिंगवाला म्हणाला, "छोड रे. युनियनचा माणूस होता. मागण्या मान्य नाय केल्या."

"तुम्हा लोकांना बायको आणि पगार सोडून तिसरा त्रास माहीतच नाही का?" हे आमच्या स्कॅनिंगवाल्या मुलीने विचारलं. ती पडघ्याहून येते. दिवसभर खोक्यांवरच्या काळ्या रेघा वाचून तिची नजर अशी तयार झालीय की खोकं न उघडता आत काय आहे ते सांगेल. माणसांच्या बाबतीतही सांगते, म्हणून सगळे तिला जरा वचकून असतात.

मी डब्यातला भात चिवडत म्हणालो, "कोणीतरी अडकलं होतं."

"कुठे?"

"चाकात. शेवटच्या खोलीत गेल्यावर बघा. चाकाच्या दातांत एक हातमोजा आहे."

सगळे त्या खोलीत धावत जातात, कारण समोर खटकेवाला उभा असतो. हातमोज्याकडे कोण बघतो? मला तो पहिल्याच खेपेला दिसला होता. मी त्यांना समजावून सांगितलं. चालतं मशीन भर पाळीत माणूस दोनच कारणांनी बंद करतो. एक, राग आला म्हणून. दोन, आत कोणाचा तरी हात गेला म्हणून. आणि दुसऱ्या कारणाला भाषण करायला वेळ नसतो.

"अरे पण त्याने आधी धमकी दिली होती ना!" फोर्कलिफ्टवाला हट्टाला पेटला.

"धमकी रागात दिली. खटका घाईत पाडला. माणूस एक म्हणून कारण एक होतं काय?"

हे मी त्या गेमच्या ग्रुपवर मोडक्या हिंदीत लिहूनही टाकलं. मग काय विचारता! जपानमधल्या एकाने रडका चेहरा पाठवला. ब्राझीलमधल्या एकाने लिहिलं की त्याच्या आईलाही पटलं. आई खेळत नाही, तरी पटलं. लोकांनी विचारलं, भाई, हे सुचलं कसं? मी लिहिलं, अभ्यास.

अभ्यास कसला डोंबलाचा. मी तो हातमोजा आतून पाहिलेला माणूस होतो.

माझ्या काकांचा लूमचा कारखाना आहे. तेव्हा चोवीस लूम होते. चोवीस लूम एकत्र चालले की छपरावरचा कावळासुद्धा थरथरत बसतो. अशा शेडमध्ये कोणी कानावर विसंबत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. मीही वाचतो. लूमचा जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. आमचा जॉबर उत्तरेकडचा, पन्नाशीचा, उंच आणि वाकलेला. तो चोवीस लूममधून डोळे मिटून चालायचा आणि कुठल्या लूमचा कुठला पुर्जा आजारी आहे ते पायाच्या तळव्याने ओळखायचा. यात थाप नाही. मला तो 'भतीजे' म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी त्याचं आणि काकांचं वाजलं. त्याला मुलखाला जायचं होतं, काका सुट्टी देत नव्हते. तो केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "सेठ, एक दिन ये सब बंद करके चला जाऊँगा." ते वाक्य शेडमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी वाचलं.

दुपारी मी शेडवर लक्ष ठेवायला होतो. लक्ष म्हणजे काय, एका लूमच्या मागे, मोटरच्या बाजूला, भिंतीला पाठ टेकून मोबाईलवर हाच गेम खेळत होतो. तेव्हा नवीनच आला होता; खटकेवाल्यापर्यंत पोचायच्या आत सुटला तो गोडाऊनमध्येच परत हाती आला. संध्याकाळी मित्राची हळद होती, म्हणून लांब, सैल बाह्यांचा नवा झब्बा घातला होता. शेडमध्ये मोबाईल आणि सैल बाही या दोन गोष्टींना काकांची सक्त मनाई. मी दोन्ही घेऊन उभा होतो.

बाही मोटरच्या पट्ट्यात गेली.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली असती तर म्हणालो असतो, किंचाळलो, लाथ मारली, मोटर उखडली. खरं म्हणजे मी काहीच केलं नाही. मनगट आत चाललं होतं आणि ते दुसऱ्या कोणाचं असावं तसा मी त्याच्याकडे बघत होतो. लूमचा दांडा पाडला तर धागा घेऊन धावणारा धोटा थांबतो, मोटर फिरतच राहते. मोटर थांबवायची तर मेन स्विच, आणि तो शेडच्या दुसऱ्या भिंतीवर. जॉबरने मला पाहिलं. तो माझ्याकडे आला नाही. पाठ फिरवून उलट्या दिशेला धावला. मला वाटलं, पळाला.

त्याने मेन पाडला.

चोवीस लूम एका दमात बंद झाले. तशी शांतता तुम्ही ऐकली नसेल. ती कानांत भरत नाही, कानांतून काहीतरी ओढून बाहेर काढते. दोन लूमचे धोटे अर्ध्या वाटेत अडकले आणि ताण्याचे उभे धागे कडकड तुटले, तेवढाच आवाज. शेजारचा कारखाना भिंतीपलीकडे चालू होता, म्हणजे लाईट गेली नव्हती, हे सगळ्यांना कळलं.

मी बाही फाडून हात सोडवला आणि पाठीमागे लपवला. काका केबिनमधून आले. जॉबर मेनवर हात ठेवून धापा टाकत उभा.

"कोणी पाडला मेन?"

त्याने तोंड उघडायच्या आत मी बोललो. "काका, सकाळचा राग काढला यानं."

बस. एवढंच. ना मीठ, ना मसाला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आखूड थाप आणि सगळ्यात नीट बसलेली. सकाळचं वाक्य सगळ्यांनी वाचलंच होतं. काकांनी त्याला दाराकडे बोट दाखवलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त माझा हात कुठे आहे ते शोधत होता.

संध्याकाळी हळदीत लोकांनी हाताचं फडकं बघून विचारलं. मी म्हणालो, "अंबाडी नाक्याच्या पुढे बिबट्या आडवा आला." मग काय, डीजे थांबला, नाचणारे गोळा झाले, नवरदेव पिवळ्या अंगाने पुढे येऊन बसला. मी त्या बिबट्याला शेपटीला धरून तीन वेळा फिरवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत तो बिबट्या घरोघरी पोचला होता. जखम भरली, वण राहिला, बिबट्या राहिला. काका आजही पाहुण्यांपुढे माझी बाही वर करून दाखवतात.

जॉबरला गल्लीत कोणी कामावर ठेवलं नाही. चालते लूम बंद करणाऱ्याला कोण ठेवणार? कोणी जरा वाद घातला की लोक हसून म्हणायचे, "याला जास्त बोलू नको, हा पण मेन पाडेल." मीही हसायचो. माझंच हसू सगळ्यात मोठं असायचं. पुढे ऐकलं की तो अंबाडी नाक्याला कोणाच्या तरी पिठाच्या चक्कीवर आहे.

तर, ग्रुपवर माझा जयजयकार चालू असताना ती पडघ्याची मुलगी दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच माझ्यासमोर बसली.

"दादा, मी बघून आले तो हातमोजा. रिकामा आहे."

"मग? तेच तर म्हणतोय."

"म्हणजे हात सुटला. माणूस वाचला."

"वाचला."

"मग तो कुठाय?" ती म्हणाली. "आख्खा गेम लोक त्या खटकेवाल्याला मारत सुटलेत. ज्याच्यासाठी त्यानं खटका पाडला, तो एकदाही पुढे येऊन सांगत नाही? घरी बसून जेवतोय?"

माझ्या घशात भात अडकला. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "अरे पाणी दे भाईला, थिअरी घशात गेली." सगळे हसले. ती हसली नाही. माझ्या उजव्या बाहीकडे बघत होती. मी बाही खाली ओढली.

त्या दिवसापासून मला शांतता लागली. भूत लागतं तशी. गोडाऊनमधला पट्टा सरकता सरकता थांबला, की कोपऱ्यात कोणीतरी हात वर करून उभं आहे असं वाटायचं. घरी फ्रिजची घरघर थांबली की माझा घास थांबायचा. गेममध्ये मी शेवटच्या खोलीपर्यंत जायचो. आवाज जायचा. खटकेवाला वळायचा. त्याच्या गेमवाल्या चेहऱ्याला डोळेच नाहीत, नुसत्या दोन खाचा आहेत. पण मी शपथेवर सांगतो, त्या खाचा माझा हात शोधायच्या. ही माझी एकमेव शपथ आहे जी खरी आहे. मी कधी त्याला मारू शकलो नाही. तसाच उभा राहायचो, तोच मला मारायचा.

एका रविवारी दुपारी काकांकडे जेवायला गेलो. काकीने बोंबलाचं कालवण केलं होतं. पाहुणे होते. काकांनी रिवाजाप्रमाणे माझी बाही वर केली आणि बिबट्या सुरू केला. पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "काका, तो बिबट्या नव्हता."

काका हसले. "मंग काय वाघ होता?"

"मोटरचा पट्टा होता. जॉबरनं मेन पाडला ना, तो त्याच्यासाठी. माझा हात आत गेला होता. मी खोटं बोललो."

मला वाटलं, विश्वास ठेवणार नाहीत. शिव्या घालतील, काकीला हाक मारतील, म्हणतील याची नवी थाप ऐका. तसं काही झालं नाही. काका ताटातल्या काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बिबट्या नव्हता?"

"नव्हता."

ते उठले, हात धुतले, तिथेच नळापाशी उभे राहिले. नळ बंद केला तरी उभेच. मग पाठमोरेच म्हणाले, "झाला तो झाला. बाहेर न्हाय बोलायचा."

काकांना एवढं काय लागलं, यावर मी दोन दिवस थिअऱ्या करत होतो. एकही बरोबर निघाली नाही. जॉबरला भेटायला अंबाडीला गेलो तेव्हा ते कळलं.

चक्कीवर गर्दी होती, डब्यांची रांग. जॉबर पांढराफटक झाला होता, भुवयांपासून पायापर्यंत पीठ. मला बघून त्याने चक्की थांबवली नाही. चक्कीचा पट्टा भर वेगाने फिरत होता. मी त्याच्यापासून दोन हात लांब उभा राहिलो, पट्ट्याच्या जरा जास्तच लांब. ते त्याच्या लक्षात आलं.

आम्ही लूमवरच्यासारखे ओठांनी बोललो. रांगेतल्या बायकांना वाटलं असेल, दोन मुके भेटलेत.

मी म्हणालो, "मैंने झूठ बोला था."

"मालूम है."

मी मनात त्याची एक मोठी गोष्ट रचून आलो होतो. ग्रुपवर लिहावी तशी. हा माणूस मालकाच्या मिठाला जागला, पोराला शिक्षा होऊ नये म्हणून सहा वर्षं मूग गिळून बसला, वगैरे. विचारलं, "आप चुप क्यों रहे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लूमचा अगदी साधा पुर्जा उलटा लावला होता.

"चुप कौन रहा? दूसरे दिन सेठ के पास गया था. बोला, लड़के का हाथ पट्टे में गया था, बुला के निशान देख लो." त्याने डब्यात पीठ भरता भरता मान वर केली. "सेठ बोले, वो निशान तो तेंदुए का है. सारे गाँव को मालूम है."

तेंदुआ म्हणजे बिबट्या, माझाच बिबट्या. चक्की चालूच होती. मी काय बोललो मला आठवत नाही. ओठ हलवले असतील. माफी मागितली असणार, कारण त्याने हात झटकला आणि पिठाचा एक ढग आमच्या मध्ये उभा राहिला.

"यहाँ काहे को बता रहे हो, भतीजे? मुझे तो मालूम है. जिनको नहीं मालूम, उनको बताओ." आणि पुढच्या डब्याला हात घातला.

तिथून मी सरळ कारखान्यावर गेलो. आता चौदाच लूम आहेत, बाकीचे भंगारात गेले. तिसरा प्रहर होता, पाळी भरात होती. काका केबिनमध्ये काचेमागे. जुन्यांपैकी तिघेच उरलेत, बाकी नवे. मी पहिल्या लूमवाल्याला खूण केली, त्याने हात हलवला, नजर धाग्यावरच. दुसऱ्यानेही तेच. प्रत्येकाची नजर आपापल्या धोट्यावर. एकेकाला गाठून सांगता आलं असतं. पण मी ती थाप एकेकाला मारली नव्हती.

मी दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेलो. पावलं मोजली. बारा. तो माणूस किती पावलांत पोचला होता कोण जाणे.

मी मेन पाडला.

तीच शांतता. सहा वर्षं कोपऱ्यात उभी असलेली, आता सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चौदा तोंडं वळली. एका लूमवर धागे तुटल्याचा बारीक आवाज झाला. भिंतीपलीकडे शेजारचे लूम चालू होते.

काका केबिनच्या दारात आले. "कोणी पाडला मेन?"

"मी."

त्यांनी मेनवरचा माझा डावा हात बघितला. मग म्हणाले, "का?"

त्या दिवशी ते या शब्दापर्यंत आलेच नव्हते. मी येऊ दिलं नव्हतं.

डावा हात मेनवरच ठेवून मी दातांनी उजवी बाही वर ओढली. या शेडमध्ये सहा वर्षं मी ती कधी वर केली नव्हती. काका बाहेर पाहुण्यांना दाखवायचे तेवढंच. मी चार वाक्यांत सांगितलं. मी मोबाईलवर खेळत होतो. माझा हात पट्ट्यात गेला. जॉबरने मेन पाडून तो वाचवला. मी सांगितलं की त्याने राग काढला, आणि ते खोटं होतं.

नवी पोरं हसायच्या तयारीने उभी होती, कारण मी बोलतो म्हणजे शेवटी हसायचं असतं. एकाने विचारलंसुद्धा, "फिर?"

"फिर कुछ नहीं."

जुन्यांपैकी एक म्हातारा लूमवाला पुढे आला. त्याने माझं मनगट उजेडाकडे वळवलं आणि वणावरून अंगठा फिरवला. "ये तो पट्टे का है," तो म्हणाला. एवढंच. लूमवाल्याला पट्ट्याचा वण ओळखायला सहा सेकंद लागले. काका पाहुण्यांपुढे शंभरदा वर करत आलेली ही बाही शेडमधल्या कोणीही एकदा वर केली असती तर पुरे होतं.

काका माझ्याकडे बघत नव्हते, म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होते. "तो आला होता माझ्याकं," ते म्हणाले. ओठ इतके कमी हलले की लूम चालू असते तर ते वाचताच आले नसते. "दुसरे दिवशी. मी त्याला हसलो."

म्हाताऱ्याने माझा हात सोडला, कमरेच्या फडक्याला तेलाचे हात पुसले आणि दाराकडे निघाला.

"किधर?" काकांनी विचारलं.

"गली में, सेठ. बोल के आता हूँ सबको."

त्याच्यामागे उरलेले दोन जुने गेले. मला माहीत होतं, ही गोष्ट बिबट्याच्या वेगाने जाणार नाही. तिला शेपूट नाही, तिच्यासाठी कोणी डीजे थांबवणार नाही. कदाचित चहाच्या टपरीपाशीच कोणीतरी म्हणेल, त्या थापाड्याचं काय ऐकता. तरी तिघं गेले. नवी पोरं आपापल्या लूमपाशी उभी राहिली, काका केबिनच्या दारात.

मेन उचलायला कोणी आलं नाही. मीही माझा हात त्याच्यावरून काढला नाही.